स्टोरेज ड्रायव्हरच्या पायाखालून कार्ड निघते तेव्हा

नेटवर्कवरून स्टोरेज पुरवणाऱ्या, कर्नलमध्ये म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात चालणाऱ्या ड्रायव्हरमध्ये उपकरण काढले जाण्याचा मार्ग बहुधा सर्वांत शेवटी लिहिला जातो आणि सर्वांत कमी वाचला जातो. चालू सर्व्हरमधून नेटवर्क कार्ड उपसून काढणार तरी कोण, अशी त्यामागची भूमिका असते. हाताने कार्ड उपसण्याचा प्रसंग खरोखरच दुर्मीळ आहे. पण कर्नलच्या दृष्टीने ‘उपकरण गेले’ ही घटना त्याहून कितीतरी अधिक वेळा घडते. नवा ड्रायव्हर घालण्यासाठी जुने मॉड्यूल उतरवले, सिस्-एफएसमधून (उपकरणांची सेटिंग्ज फाइलींच्या रूपात दाखवणारी कर्नलची सोय) कार्ड ड्रायव्हरपासून सोडवले, फर्मवेअर बदलल्यावर कार्ड रीसेट केले, व्हर्च्युअल मशीन दुसऱ्या यजमानावर हलवण्यापूर्वी तिला दिलेले व्हर्च्युअल फंक्शन (कार्डाचा तिच्यासाठी वेगळा काढलेला हिस्सा) काढून घेतले, किंवा पीसीआय एक्स्प्रेसच्या पोर्टने त्रुटी पाहून खालची जोडणी तोडली, तर यांपैकी बहुतेक वेळा शेवटी ड्रायव्हरचे तेच रिमूव्ह फंक्शन चालते. त्यामुळे हा मार्ग अपवादाचा नसून देखभालीच्या रोजच्या कामाचा आहे, असे धरूनच तो लिहावा लागतो.

या लेखात मी मुख्यतः लिनक्समधील आरडीएमएवर (एका यंत्राच्या कार्डाने दुसऱ्याच्या मेमरीत थेट वाचण्या-लिहिण्याची पद्धत) चालणाऱ्या स्टोरेज ड्रायव्हरांबद्दल लिहिणार आहे, कारण या प्रश्नाची धार तिथेच सर्वांत जास्त जाणवते. टीसीपीवर चालणाऱ्या एनव्हीएमई किंवा आयस्कझीला (नेटवर्कवरून डिस्क वापरण्याचे दोन प्रोटोकॉल) नेटवर्क कार्डाशी थेट देणेघेणे नसते. त्यांच्या हातात सॉकेट असते, आणि कार्ड गेले तरी सॉकेट जिवंत राहते; जुन्या मार्गाची नोंद कर्नल एका ‘ब्लॅकहोल’ उपकरणाकडे वळवतो, पॅकेट तिथे नाहीशी होतात आणि स्टोरेजच्या बाजूला केवळ शांतता जाणवते. ती शांतता टाइमआउटने किंवा कीप-अलाइव्हने लक्षात येते, कनेक्शन तोडले जाते, दुसरा मार्ग मिळाला तर पुन्हा जोडले जाते. आरडीएमएमध्ये अशी मधली भिंत नाही. ड्रायव्हरने त्या विशिष्ट कार्डावर क्यू पेअर (विनंत्या पाठवण्या-स्वीकारण्याच्या रांगांची जोडी) उघडलेली असते, कम्प्लीशन क्यू (विनंती पूर्ण झाल्याच्या पोचपावत्यांची, म्हणजे कम्प्लीशनची रांग) घेतलेली असते, मेमरीचे भाग नोंदवलेले असतात आणि बफरांचे डीएमए पत्ते (कार्डाला मेमरीत थेट पोहोचता यावे म्हणून दिलेले) त्या कार्डाच्या नावावर मॅप केलेले असतात. कार्ड जाते तेव्हा हे सारे परत करावे लागते, आणि तेही कार्डाची संरचना मेमरीतून नाहीशी होण्यापूर्वी.

कनेक्शन तुटणे आणि उपकरण जाणे या दोन घटनांना एकच वागणूक देण्याकडे ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचा स्वाभाविक कल असतो, कारण दोन्हींत पहिली पायरी सारखीच दिसते: क्यू पेअर त्रुटीच्या अवस्थेत टाका, चालू विनंत्या थांबवा, वरच्या थराला कळवा. पण कनेक्शन तुटले असता ड्रायव्हरला वेळ असतो. तो साधने धरून ठेवू शकतो, दहा सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करू शकतो, सोडवण्याचे काम एखाद्या वर्कक्यूवर (मागे सवडीने चालणाऱ्या कामांची रांग) टाकून स्वतः परतू शकतो. उपकरण जाताना मात्र कोणीतरी वाट पाहत असते. रिमूव्ह कॉलबॅकमधून परतणे म्हणजे ‘या उपकरणाशी संबंधित माझ्याकडे आता काहीही उरलेले नाही’ असे दिलेले वचन असते. परतल्यानंतर एखादे टायमर चालले, एखादे राहून गेलेले काम जागे झाले आणि त्याने जुन्या पॉइंटरला हात लावला, तर तो मोकळ्या केलेल्या मेमरीचा वापर ठरतो. आणि हे वचन पाळण्यासाठी जी वाट पाहावी लागते, त्या वाट पाहण्यातूनच बहुतेक डेडलॉक (एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकणे) जन्माला येतात. माझ्या मते या विषयातील अवघड भाग उपकरण गेल्याचे ओळखणे हा नाहीच. कोण, कोणत्या थ्रेडवर, कोणते लॉक धरून, कोणाची वाट पाहत आहे, एवढेच खरे अवघड आहे.

आरडीएमए कनेक्शन मॅनेजर, म्हणजे आरडीएमए जोडण्या उभा करणारा आणि तोडणारा कर्नलचा भाग, हे याचे उत्तम उदाहरण आहे. प्रत्येक कनेक्शनसाठी ड्रायव्हर एक आयडी तयार करतो आणि त्यासोबत घटना कळवण्याचे हँडलर देतो. कार्ड जाऊ लागले की कनेक्शन मॅनेजर त्या कार्डाला बांधलेल्या प्रत्येक आयडीच्या हँडलरला ‘डिव्हाइस रिमूव्हल’ ही घटना पाठवतो. वरवर पाहता सोय उत्तम आहे: घटना आली, आयडी नष्ट केला, काम संपले. अडचण अशी की हँडलर चालू असताना त्या आयडीचे म्युटेक्स (एका वेळी एकालाच धरता येणारे लॉक) धरलेले असते, आणि आयडी नष्ट करणारे फंक्शन तेच म्युटेक्स मागते. म्हणजे हँडलरच्या आतून स्वतःचाच आयडी नष्ट करणे म्हणजे ज्या फांदीवर बसलो तीच तोडणे. यावर कनेक्शन मॅनेजरने एक पळवाट ठेवली आहे: हँडलरने शून्येतर मूल्य परत केले तर आयडी नष्ट करण्याचे काम मॅनेजर स्वतः करतो. पण मग ड्रायव्हरच्या उरलेल्या सगळ्या मार्गांना, म्हणजे प्रशासकाने कंट्रोलर (दूरच्या स्टोरेजशी असलेली एनव्हीएमईची जोडणी) काढण्याचा आदेश दिला तर चालणाऱ्या मार्गालाही, ‘हा आयडी आता आपला नाही’ हे ठाऊक असावे लागते. नाहीतर तोच आयडी दोनदा नष्ट होतो. उलट, हँडलरने शून्य परत केले आणि नंतर कोणीच आयडी नष्ट केला नाही, तर कनेक्शन मॅनेजर त्या उपकरणावरचा शेवटचा आयडी सुटेपर्यंत थांबून राहतो, आणि त्याच्या मागे मॉड्यूल उतरवणारी आज्ञाही लटकते.

शिवाय एक बारीक छिद्र आहे, जे कोड वाचताना पटकन दिसत नाही. घटना येते ती आयडीच्या वाटेने. पण कनेक्शन तुटून पुन्हा जोडण्याची वाट पाहत असलेल्या कंट्रोलरकडे त्या क्षणी आयडीच नसतो, कारण जुना नष्ट झालेला असतो आणि नवा अजून तयार झालेला नसतो. नेमके त्याच मधल्या काळात कार्ड गेले तर सांगावा येण्याचा मार्गच बंद असतो, आणि कंट्रोलरने मात्र कार्डाची इतर साधने धरून ठेवलेली असू शकतात. ही फट बुजवायची तर केवळ घटना ऐकू यावी म्हणून एक आयडी जिवंत ठेवावा लागतो, जे मला तरी विचित्र वाटते.

एनव्हीएमई-आरडीएमएचा यजमान (स्टोरेज वापरणाऱ्या बाजूचा) ड्रायव्हर २०१६ मध्ये लिनक्स ४.८ सोबत मुख्य कर्नलमध्ये आला, आणि त्याच वर्षी या कटकटीवर उपाय म्हणून त्यातील उपकरण काढण्याची हाताळणी कनेक्शन मॅनेजरच्या घटनेतून उचलून आयबी क्लायंटच्या (आयबी म्हणजे इन्फिनीबँड; आयबी कोअर हा कर्नलमधील आरडीएमएचा मूळ थर) यंत्रणेवर हलवण्यात आली. ही यंत्रणा साधी आहे. कोणताही मॉड्यूल आयबी कोअरकडे क्लायंट म्हणून नाव नोंदवतो आणि दोन कॉलबॅक देतो: उपकरण आले की एक, गेले की दुसरा. एनव्हीएमई-आरडीएमएला पहिल्याची गरज नाही, कारण त्या उपकरणावरून एखादे टार्गेट (स्टोरेज पुरवणारे दूरचे यंत्र) वापरले जाईल तेव्हाच तो साधने घेतो. त्याला रस आहे तो केवळ दुसऱ्यात. हा कॉलबॅक कोणत्याही आयडीच्या म्युटेक्सखाली चालत नाही, त्यामुळे त्याच्या आतून मनसोक्त तोडफोड करता येते.

या बदलाचे खरे सौंदर्य क्रमात आहे. आयबी कोअर उपकरण येताना क्लायंटांना नोंदणीच्या क्रमाने बोलावतो आणि जाताना नेमक्या उलट क्रमाने. कनेक्शन मॅनेजर हाही आयबी कोअरचा एक क्लायंटच आहे; आणि एनव्हीएमई-आरडीएमए त्याच्यावर अवलंबून असल्यामुळे तो नेहमी त्याच्यानंतर नोंदवला जातो. त्यामुळे जाताना एनव्हीएमई-आरडीएमएचा क्रमांक आधी लागतो. त्याने आपले सगळे आयडी नष्ट करून वाट मोकळी केली की मग कनेक्शन मॅनेजरचा रिमूव्ह चालतो आणि त्याला त्या ड्रायव्हरचा एकही आयडी शिल्लक सापडत नाही. म्हणजे ‘डिव्हाइस रिमूव्हल’ ही घटना पाठवण्याची वेळच येत नाही. कोणतेही नवे लॉक न घालता, केवळ अवलंबित्वाच्या नैसर्गिक क्रमावर विसंबून सुटलेला हा प्रश्न मला आरडीएमए उपप्रणालीतील सर्वांत नेटक्या गोष्टींपैकी एक वाटतो.

प्रत्यक्ष रिमूव्ह कॉलबॅक जेमतेम काही ओळींचा आहे. हे उपकरण आपण वापरत आहोत का, हे तो यादीत पाहतो. नसेल तर परततो. असेल तर त्या उपकरणावरच्या प्रत्येक कंट्रोलरसाठी काढून टाकण्याचे काम रांगेत टाकतो आणि शेवटी ती पूर्ण रांग रिकामी होईपर्यंत थांबतो. कंट्रोलर काढण्याचे काम आधीच इतर कोणी सुरू केले असेल तर अवस्थायंत्र दुसऱ्याला पुढे जाऊ देत नाही, आणि रांग रिकामी होण्याची वाट पाहिल्यामुळे आधीचे कामही पूर्ण झालेले असते. एनव्हीएमईमध्ये सामान्य कामे, रीसेट आणि काढून टाकणे यांसाठी वेगवेगळ्या वर्कक्यू आहेत, त्याचे कारणही हेच आहे: काढणारे काम रीसेटच्या कामाची वाट पाहते, रीसेट इतर कामांची, ती सारी एकाच रांगेत असती तर एखाद्या दिवशी रांग स्वतःचीच वाट पाहत बसली असती.

इथपर्यंतचा भाग यंत्रणेचा झाला. पण उपकरण गेल्यावर करायचे काय, हा धोरणाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर सर्व ड्रायव्हरांत सारखे नाही. एनव्हीएमई-आरडीएमए कंट्रोलर सरळ काढून टाकतो. एरवी कनेक्शन तुटले तर तो दर दहा सेकंदांनी पुन्हा जोडण्याचा प्रयत्न करतो आणि डिफॉल्टने सहाशे सेकंदांनंतर हार मानतो. कार्ड काढले जात असताना मात्र ही चिकाटी लागू होत नाही. दुसऱ्या कार्डावरून त्याच टार्गेटकडे जाणारा कंट्रोलर असेल तर मल्टिपाथ (एकाच डिस्ककडे जाणारे अनेक मार्ग सांभाळणारा थर) विनंत्या तिकडे वळवतो. नसेल तर डिस्क नाहीशी होते आणि वरच्या फाइलसिस्टिमला इनपुट-आउटपुट त्रुटी मिळतात. एक्सएफएस ही फाइलसिस्टिम अशा वेळी लॉग लिहिता आला नाही की स्वतःला बंद करून घेते.

एनएफएसला (नेटवर्कवरून फाइली वापरू देणारी फाइलसिस्टिम) हे परवडत नाही. हार्ड माउंटचा करारच असा आहे की सर्व्हर परत येईपर्यंत विनंत्या थांबतील, पण हरवणार नाहीत. त्यामुळे आरडीएमएवरच्या एनएफएस क्लायंटमध्ये २०१७ साली, लिनक्स ४.१२ मध्ये, जी सोय आली तिच्यात माउंट जागेवर राहते आणि फक्त खालचे हार्डवेअर सुटते. उपकरण जाण्याची घटना आली की क्लायंट ‘आता जात आहे’ अशी खूण करतो, वाहतूक तोडायला लावतो आणि साधने सुटेपर्यंत थांबतो. प्रलंबित आरपीसी (सर्व्हरकडे करायच्या विनंत्या) तशाच राहतात. पुढच्या वेळी जोडणी करताना पत्ता नव्याने शोधला जातो, आणि त्या वेळी परत आलेले तेच कार्ड मिळो किंवा दुसरेच, सगळी साधने नव्याने उभी केली जातात. यासाठी एक महत्त्वाची विभागणी करावी लागली: आरपीसीचे बफर माउंटचे आहेत, पण त्यांचे डीएमए मॅपिंग कार्डाचे आहे. म्हणून कार्ड जाताना बफर मोकळे केले जात नाहीत, फक्त त्यांचे मॅपिंग सोडवले जाते, आणि नव्या कार्डासाठी ते गरजेनुसार पुन्हा केले जाते. कोणती वस्तू कोणाच्या आयुष्याशी बांधलेली आहे, हा प्रश्न संरचना ठरवतानाच विचारला नाही, तर नंतर ही विभागणी करणे फार कष्टाचे होते.

२०१७ ची ती हाताळणी कनेक्शन मॅनेजरच्या घटनेवरच आधारलेली होती. २०२४ मध्ये क्लायंट आणि सर्व्हर या दोन्ही बाजूंसाठी आयबी क्लायंटवर आधारलेली एक सामाईक सूचनायंत्रणा आली, आणि त्या बदलात एनव्हीएमई-आरडीएमएने २०१६ मध्ये घेतलेल्या निर्णयाचा स्पष्ट आधार घेतलेला आहे. प्रत्येक उपकरणासाठी एक छोटी नोंद, तिच्यावर रेफरन्स काउंट (किती जण ती वापरत आहेत याची मोजणी), आणि ज्या ज्या वाहतुकीला सूचना हवी आहे तिचे नाव एका यादीत. उपकरण जाताना यादीतील प्रत्येकाला हाक मारली जाते आणि शेवटचा रेफरन्स सुटेपर्यंत थांबले जाते. दोन वेगळ्या उपप्रणाली शेवटी त्याच रचनेवर येऊन थांबल्या, हे मला त्या रचनेच्या बाजूचे सर्वांत मोठे प्रमाण वाटते.

आयसरची, म्हणजे आरडीएमएवर चालणाऱ्या आयस्कझीची, गोष्ट थोडी निराळी आहे. आयस्कझीत त्रुटी सावरण्याचे बरेचसे काम वापरकर्त्याच्या बाजूला चालणारा आयस्कझीडी हा डीमन करतो. पण कार्ड जात असताना तो डीमन चालू असेल याची हमी कोण देणार? कदाचित यंत्रणाच बंद होत असेल, कदाचित त्या डीमनची स्वतःची फाइलसिस्टिमच या कार्डापलीकडे असेल. म्हणून त्या वेळी आयसर डीमनवर विसंबून न राहता साधने स्वतःच सोडतो. रिमूव्हच्या वाटेत वापरकर्त्याच्या प्रक्रियेची वाट पाहायची नाही, हा नियम मी सर्वच ड्रायव्हरांना लावेन.

टार्गेटच्या बाजूला आणखी एक पात्र असते: ऐकत बसलेला आयडी. एनव्हीएमईच्या आरडीएमए टार्गेटमध्ये चालू कनेक्शनांच्या रांगा आयबी क्लायंटच्या कॉलबॅकमध्ये सोडवल्या जातात. पण ऐकणारा आयडी एखाद्या कार्डाच्या पत्त्याला बांधलेला असेल तर त्याला कनेक्शन मॅनेजरची घटनाच मिळते. तिथे ड्रायव्हर पोर्टमधील पॉइंटर अणुरूप (मध्ये दुसरा कोणी घुसू शकणार नाही अशा एकाच पायरीतील) अदलाबदलीने रिकामा करतो आणि शून्येतर मूल्य परत करून आयडी मॅनेजरच्या हवाली करतो. त्याच वेळी प्रशासकाने पोर्ट काढण्याचा आदेश दिला असेल तर दोघांपैकी एकालाच खरा पॉइंटर मिळतो, दुसऱ्याला रिकामा. आणि रिकामा मिळालेला गुपचूप बाजूला होतो.

आतापर्यंत मी असे धरून चाललो की रिमूव्ह चालताना कार्ड अजून ऐकते आहे. मॉड्यूल उतरवताना किंवा सिस्-एफएसमधून सोडवताना ते खरेच असते. टार्गेटला बंद होत असल्याचा निरोपही पाठवता येतो. कार्ड अचानक गेले असेल तर चित्र पालटते. पीसीआयवरून केलेले प्रत्येक वाचन सर्व बिट एक असलेले मूल्य देते, आणि ते मूल्य खरे आकडे समजून वापरणारा ड्रायव्हर भलत्याच वाटेला जातो. त्याहून घातक म्हणजे कम्प्लीशन येणे थांबते. क्यू पेअर रिकामी करण्याची प्रचलित रीत अशी की तिला त्रुटीच्या अवस्थेत टाकायचे, शेवटी एक खुणेची विनंती सोडायची आणि तिचे कम्प्लीशन परत येईपर्यंत थांबायचे. म्हणजे तिच्या आधीचे सारे संपले याची खात्री होते. मेलेले कार्ड ते कम्प्लीशन देणार नाही, आणि स्टोरेज ड्रायव्हर अनंत काळ थांबेल. इथे जबाबदारी कार्डाच्या ड्रायव्हरची आहे: हार्डवेअर गेल्याचे कळले की राहिलेल्या प्रत्येक विनंतीचे ‘फ्लश झाली’ असे कम्प्लीशन त्याने सॉफ्टवेअरमधून तयार केले पाहिजे. मेलानॉक्स कार्डांच्या एमएलएक्स५ ड्रायव्हरमध्ये आतील त्रुटीच्या अवस्थेसाठी अशी व्यवस्था आहे. स्टोरेज ड्रायव्हरने या वाट पाहण्याला टाइमआउट घालून ‘आले नाही तर पुढे जाऊ’ असे करणे मला पूर्णपणे चुकीचे वाटते, कारण कम्प्लीशन आले नाही याचा अर्थ कार्ड त्या पानात लिहिणार नाही असा होत नाही. पाने वरच्या थराला परत केली आणि कार्ड प्रत्यक्षात जिवंत निघाले, तर ते दुसऱ्याच कोणाच्या मेमरीत लिहील.

याच कारणाने डीएमए मॅपिंग सोडण्याचा क्रम जपावा लागतो. आधी क्यू पेअर थांबवायची, मग ती रिकामी होऊ द्यायची, मग मेमरीची नोंदणी रद्द करायची, मग मॅपिंग सोडायचे आणि त्यानंतरच बफर मोकळे करायचे. मॅपिंग सोडताना उपकरणाची संरचना शाबूत हवी, म्हणून हे सारे रिमूव्हमधून परतण्यापूर्वीच उरकावे लागते. नंतरच्या सवडीच्या सफाईला इथे जागा नाही.

वेळेचाही विचार करावा लागतो. एनव्हीएमईच्या सामान्य विनंतीचा टाइमआउट डिफॉल्टने तीस सेकंद आणि प्रशासकीय विनंतीचा साठ सेकंद असतो. डिस्क काढताना वरून जमा झालेला डेटा लिहिण्याचा प्रयत्न होतो. मार्ग मेलेला असेल तर तो प्रयत्न अडकतो, आणि रिमूव्ह त्याच्यामागे. म्हणूनच ‘काढले जात आहे’ आणि ‘काढले जात आहे, आता नवी विनंती नको’ अशा दोन वेगळ्या अवस्था लिनक्स ५.९ पासून एनव्हीएमईमध्ये आहेत: पहिलीत उरलेला डेटा जाऊ शकतो, दुसरीत मल्टिपाथने त्या मार्गाची आशा धरून थांबायचे नसते.

चाचणीसाठी सॉफ्ट-रोसी आणि एसआयडब्ल्यू हे सॉफ्टवेअर ड्रायव्हर फार उपयोगी पडतात. साध्या इथरनेट कार्डावर आरडीएमए उपकरण एका आज्ञेने तयार होते आणि दुसऱ्या आज्ञेने नाहीसे होते. वर एफआयओने (डिस्कवर भार टाकणारे चाचणी-साधन) भार ठेवून हे शेकडो वेळा करता येते. लॉकडेप (लॉकचा क्रम तपासणारे) आणि कासान (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारे) ही कर्नलची साधने चालू ठेवली तर लॉकचा उलटा क्रम आणि मोकळ्या मेमरीचा वापर लवकर उघड होतो. पण या ड्रायव्हरांत कम्प्लीशन नेहमी येतातच, त्यामुळे मेलेल्या हार्डवेअरची परीक्षा त्यांच्यावर होत नाही. त्यासाठी खरे कार्ड आणि वीज तोडता येणारा स्लॉट लागतो. पुन्हा जोडण्याच्या मधल्या काळात उपकरण काढण्याची चाचणी तर मुद्दाम वेगळी लिहावी लागते: आधी टार्गेट बंद करायचे, कंट्रोलर जोडण्याच्या अवस्थेत गेल्याचे पाहायचे, आणि मग उपकरण काढायचे.

कम्प्लीशनवर थांबलेला थ्रेड एखाद्या लॉकसारखाच इतरांना अडवत असला तरी लॉकडेपला ते नाते दिसत नाही, म्हणून असे डेडलॉक बहुधा डिफॉल्टच्या एकशेवीस सेकंदांनंतर अडकलेल्या टास्कच्या इशाऱ्यातूनच कळतात. त्या इशाऱ्यात कनेक्शन मॅनेजरच्या रिमूव्ह फंक्शनमध्ये थांबलेला थ्रेड दिसला, तर त्याच्यावर वेळ घालवू नये. तो फक्त वाट पाहणारा आहे. सर्व अडकलेल्या टास्कचे स्टॅक छापून घ्यावेत आणि त्यांत आयडीच्या म्युटेक्सवर किंवा वर्कक्यू रिकामी होण्यावर थांबलेला दुसरा थ्रेड शोधावा. दुसरा थ्रेड सापडलाच नाही, तर कुठेतरी आयडी नष्ट करायचा राहून गेला आहे, आणि मग हँडलरमधून शून्य परत करणारी प्रत्येक जागा एकेक करून तपासावी लागते.